काचेच्या अलीकडून

माझं काम कॅमेऱ्याचं. मानसशास्त्राचं मला विचारू नका.
पुंता अरेनासच्या चढावर, जुन्या लोकरीच्या गोदामाच्या माडीवर
एक खोली आहे. सतरंजी, दोन खुर्च्या, प्लास्टिकची मेंढरं,
आणि एक आरसा,
ज्याच्या पाठीमागे मी बसतो.

आई मुलाला घेऊन येते. खेळू देते.
खूण झाली की उठून बाहेर जाते.
तीन मिनिटं.
मग परत येते.
एवढंच. अकरा वर्षं एवढंच.

पहिल्याच दिवशी डॉक्टर इस्मेनिया म्हणाल्या होत्या,
'एलिसेओ, जाण्यावर टेप फुकट घालवू नका.
जाताना रडतात तर बरीचशी.
दार उघडेल तेव्हा मुलाचा चेहरा पकडा.'

तेव्हापासून मी दारं उघडण्याची वाट पाहतो.
कुणी धावत येऊन गुडघ्याला मिठी मारतं,
दोन हुंदके, की पुन्हा खेळायला मोकळं.
कुणी कडेवर चढतं आणि कडेवरूनच आईला लाथा मारतं.
बाई त्यांचे प्रकार पाडतात, रकाने भरतात.
माझ्याकडे सगळ्याला मिळून एकच शब्द, लळा,
तो कागदावर कुठेच बसत नाही.

ऑगस्टात एक बाप आला. रेमिहिओ.
खेकड्यांच्या बोटीवरचा, चाळीस दिवसांनी किनाऱ्याला लागलेला,
बोटांच्या भेगांत अजून मीठ.
त्या दिवशी वारा असा, की चौकात दोर बांधले होते
माणसांना धरून चालायला.
बाप दोराला धरून आला,
आणि बापाच्या कोटाच्या आत, गुंडाळलेला, नाउएल. दीड वर्षाचा.

खूण झाली. बाप उठला. गेला.
नाउएलने मान वर केली नाही.
एक मेंढरू उभं केलं.
दुसरं उभं केलं.
दार उघडलं. बाप म्हणाला, 'आलो रे.'
तिसरं मेंढरू.

बापाचा चेहरा टेपवर आहे.
मी ती पुन्हा लावत नाही.

मी म्हणालो, 'गुणी पोर. कसला त्रास नाही.'
बाई काही बोलल्या नाहीत. दुसरा पडदा माझ्याकडे वळवला,
जिथे मुलाच्या छातीवरच्या चकतीतून ठोके येतात.
खेळताना एकशे अठरा.
दार लागल्यावर एकशे बावन्न.
दार उघडल्यावर एकशे एकसष्ट.
आणि तिसरं मेंढरू ठेवताना
त्याचा हात जरासुद्धा हलला नव्हता.

'शांत नाही हा,' बाई म्हणाल्या. 'गप्प आहे.
एवढ्यातच शिकला.'
मग पेन्सिल ठेवून त्या सरळ खोलीत गेल्या,
जे संशोधनात चालत नाही.
बापाशेजारी सतरंजीवर बसल्या. काय बोलल्या ते ठाऊक नाही,
माइक माझ्याच हातून बंद झाला होता, चुकून म्हणा.
बापाने एक मेंढरू उचललं,
पोराच्या रांगेच्या टोकाला ठेवलं,
आणि तसाच बसून राहिला. टेप संपेपर्यंत.
अहवालात त्या दोघांची गणती नाही.

परवा माझी रायेन आली, इकीकेहून, चार वर्षांनी.
ती लहान असताना मी खाणीवर. वीस दिवस तिकडे, दहा दिवस घरी.
दर खेपेला मी दारात उभा राहायचो
आणि ती चित्र रंगवत असायची.
'फार समजूतदार आहे,' मी सगळ्यांना सांगायचो.
छाती फुगवून सांगायचो.

विमानतळावर ती म्हणाली, 'बरे आहात ना?'
आणि फोनमध्ये पाहू लागली.
मी मिठी मारायला गेलो नाही.
शेजारी बाकावर बसलो, माझाही फोन काढला, उगाच.
बाहेर वाऱ्याने कुठलासा पत्रा वाजत होता.
बऱ्याच वेळाने तिने, मान वर न करता,
पिशवीचा एक बंद माझ्याकडे सरकवला.

मी तो धरला.
ठोके किती पडत होते
ते मोजायला तिथे कुणी नव्हतं.